पसरणीच्या घाटात जीप तापली

वहिनी, आहात का? चार डहाळ्या कढीपत्ता द्या. आणि ह्या घ्या शेवग्याच्या शेंगा. आठ दिवस आमच्या जीपचा आवाज नाही, म्हणून तुम्ही ढोल्या गणपतीला नारळ तर नाही ना फोडलात?

ऐका तर. गेल्याच्या आधीच्या रविवारी ह्यांच्या मावसभावाला पाचगणी बघायची हुक्की आली. मी म्हटलं, टॅक्सी करू. तर ह्यांना केवढा अपमान! दारात १९९२ची एमएम ५४० उभी असताना टॅक्सी? झालं, निघाली वरात. मागे समोरासमोरच्या बाकांवर आम्ही पाचजण गुडघ्याला गुडघा लावून, भर दुपार, आणि पुढे पसरणीचा घाट. अर्ध्यावर तापमानाचा काटा चढायला लागला. मी म्हटलं, अहो, काटा. "बघतोय." पुढच्या वळणाला काटा लाल पट्ट्याला टेकला आणि मग सर्रकन खाली आला! हे खूश. "बघ, वारं लागलं, गार झाली."

कसली गार! रेडिएटरच्या खालच्या टाकीचा सांधा उकलून पाणी सगळं रस्त्यावर गेलेलं. त्या काट्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तोवर खरं बोलतो. पाणीच उरलं नाही, मग तो हवेत लटकून काहीही सांगणार. पातेलं कोरडं पडल्यावर आमटी उकळत नाही म्हणून खाली गॅस तसाच ठेवावा, त्यातला प्रकार.

इंजिन खडखडायला लागलं, ताकद गेली, तेव्हा कुठे थांबले. आणि थांबल्या थांबल्या बाटली घेऊन झाकण उघडायला धावले. मी हातच धरला. त्या झाकणाचं काम आपल्या कुकरच्या शिट्टीसारखं, दाब धरून ठेवायचा, म्हणजे पाणी शंभर अंशांच्या पुढे गेलं तरी उकळत नाही. उघडलं की वाफ थेट तोंडावर. आणि तापलेल्या बिडाच्या तव्यावर गार पाणी ओततो का आपण? तडकतो ना? तासभर सावलीत बसलो, भडंग संपवलं, मग टेम्पोला दोर बांधून वाईला आलो.

संध्याकाळपर्यंत आळीभर बातमी. एक म्हणाला इंजिन बसलं, दुसरा म्हणाला आधी हेड उतरवा. आणि ते तिसऱ्या घरातले, नाव नाही घेत, त्यांनी तर लोखंडाचा भावच सांगितला. त्यांच्या पोराला चिखलात जीप घालायचा नाद लागलाय, ठाऊक आहे ना? रोज येऊन बॉनेटवरून हात फिरवतात. म्हाताऱ्याच्या सातबाऱ्यावर डोळा ठेवून तब्येत विचारावी, तसं.

मिस्त्री मात्र शहाणा. म्हणाला, काकू, रात्रभर स्टार्टर मारू नका. का, ते दुसऱ्या दिवशी कळलं. त्यानं आधी ऑइलची पट्टी काढून पाहिली. पाणी मिसळलं असतं तर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं असतं. पट्टीवर काळंच. तरी विश्वास नाही. ऑइल पाण्यावर तरंगतं, पाणी तळाला बसतं, म्हणून खालचा नट जरासा सैल करून पहिली धार हातावर घेतली. स्वच्छ ऑइल. मग चारी हीटर प्लग काढले आणि पुढच्या पुलीला पाना लावून इंजिन हातानं फिरवलं. सिलिंडरमध्ये पाणी साठलेलं असेल आणि स्टार्टर मारला, तर पाणी काही दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आमचं फिरलं, मऊ.

मधल्या दिवसांत रेडिएटरवाल्यानं जुना तांब्या-पितळेचा रेडिएटर उघडला. आत नुसता क्षार, आपल्या बंबात साठतो तसा. इतकी वर्षं ह्यांनी कूलंटच्या नावानं विहिरीचं पाणी पाजलं, दुसरं काय होणार? रॉडिंग करून, म्हणजे नळ्यांत सळ्या घालून तो क्षार काढून, सांधा झाळून तो परत बसला.

खरी परीक्षा नंतर. सकाळी गार इंजिन चालू केलं आणि मिस्त्रीनं माझाच हात धरून वरच्या रबरी नळीवर ठेवला. पाणी अजून कोमटसुद्धा नाही आणि मिनिटभरात नळी टणक! म्हणजे आतला जळका गॅस पाण्यात घुसतोय. झाकण काढून ठेवलं तर रेडिएटरमध्ये बुडबुडे. मग कॉम्प्रेशन मोजलं. डिझेलचं गेज निराळं असतं हो, पेट्रोलचं त्या दाबाला टिकत नाही. एक नंबर आणि चार नंबर ठणठणीत, दोन आणि तीन सारखेच उतरलेले. "शेजारचे दोन जोडीनं उतरले की मधलं गॅसकेट जळालं समजा." मी म्हटलं, म्हणजे कुंपण पडलं! तो हसला नाही. तुम्ही तरी हसा.

एवढं झाल्यावर त्यानं हेड उतरवलं. प्युजोचं मूळचं इंजिन हे, २११२ सीसी. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. ॲल्युमिनियम तापून बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, पण बोल्ट त्याला जागा देत नाहीत, म्हणून ते वाकतं. लोखंडी पट्टी आडवी धरून खालून पातं सरकवलं, तर केसाएवढी फट. पण बोअरवर ओरखडा नाही, हेडला तडा नाही. पहिल्याच दिवशी हेड खोललं असतं तर नळी, बुडबुडे, कॉम्प्रेशन, काहीच तपासता आलं नसतं.

ह्यांनी मधेच थर्मोस्टॅट फेकायला काढला होता, "गाडी गार राहील" म्हणून. मी परत बसवायला लावला. नाहीतर थंडीत ती सकाळभर धूर ओकणार, आणि तो तुमच्याच पापडांवर.

तर हेड फेसिंगला, म्हणजे सपाट घासून घ्यायला, साताऱ्याला गेलंय. तिसऱ्या घरवाल्यांनी काल भाव वाढवला. फेसिंगवाला सोमवारी देतो म्हणाला होता. आज गुरुवार.