देव, खिळा आणि खतवाला

डिसेंबर उजाडला की शेलूबाजारातल्या कृषी केंद्रांच्या काउंटरवर रबरबँड लावलेल्या गुंडाळ्या दिसू लागतात. सोयाबीन विकून झालेलं असतं, तूर अजून शेतात उभी असते आणि गिऱ्हाईक खताचा भाव विचारायच्या आधी विचारतं, "यंदा कोनता देव हाय?"

देव दुकानदारानं नमुन्यांतून आधीच पसंत केलेला असतो. शिवकाशीकडून चित्रं छापून येतात, खाली कोरी पट्टी सोडून. त्या पट्टीवर नाव आणि मोबाइल नंबर चढवला की झालं. वर लक्ष्मी हातातून मोहरा सोडत असते आणि त्या नेमक्या 'बी-बियाणे व कीटकनाशके' या अक्षरांवर पडतात.

राजा रविवर्मांनी 1894 साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो मळवलीला गेला. देवळातले देव तिथून घराघरांच्या भिंतींवर आले आणि साबण-औषधवाल्यांनी त्यांच्या पायाशी जागा धरली. नंतर रघुवीर मुळगावकरांनी देवांना अशी काही कांती दिली, की ते रोज दुधानं तोंड धूत असावेत. मेक्सिकोतही हेच. तिथल्या हेसुस एल्गेरा या चित्रकारानं 1940 साली ज्वालामुखी झालेल्या प्रेमिकांची दंतकथा रंगवली. असली चित्रं कॅलेंडरांवर छापून व्यापाऱ्यांनी वाटली. पुढे एल्गेरा एका सिगारेट कंपनीसाठी चित्रं काढत राहिला. राजकन्येनं योद्ध्यासाठी प्राण सोडायचे आणि खप दुकानाचा वाढायचा!

जाहिरातीचं एरवी आयुष्य किती? हँडबिलावर भजी खाऊन होईपर्यंत. पण कॅलेंडरावर देव असतो, म्हणून डिसेंबर संपला तरी ते उतरत नाही. "फेकू कसं बापा? देव हाय त्याच्यावर!" असं म्हणत घरची म्हातारी तारखांचा गठ्ठा तेवढा काढते आणि चित्र ठेवते. चित्राबरोबर पट्टीही राहते. दुकान बंद पडलेलं असतं, त्याच्या नावाला उदबत्ती मात्र रोज मिळते. 1973 साली 'कालनिर्णय' आलं. त्यानं पंचांग, पाककृती, दूध-पेपरचा हिशेब, सगळं आणलं; पण त्याच्यापुढे हात कोण जोडतो?

आमच्याकडे नवं कॅलेंडर त्याच खिळ्यावर, जुन्याच्या अंगावर चढतं. एकेक उचलून पाहिलं की घराची बखर वाचता येते. सराफाचा बालाजी, म्हणजे त्या साली मुलीचं लग्न. सिमेंटवाल्याचा हनुमान, म्हणजे स्लॅब पडला. मेडिकलवाल्याचे साईबाबा निघाले, तर त्या सालाबद्दल फार विचारू नये.

आणि दुकानदारालाही हे कॅलेंडर हिशेबाला उपयोगी पडतं. ज्याचं खातं साफ, त्याला आतल्या खोलीतून मोठा, चकचकीत विठोबा काढून देतात. ज्याची दोन हंगामांची उधारी थकली, त्याला हसत सांगतात, "भाऊ, संपले न कॅलेंडर!" गुंडाळ्या समोरच असतात. दोघंही त्यांच्याकडे बघत नाहीत.