पुढे एक कमी, मागे दोन जास्त

पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीत असा एक तरी इसम असतो, ज्याची मोटरसायकल रविवारी सकाळी पॅडॉक स्टँडवर आणि मागचं चाक पेपरवर आडवं पडलेलं असतं. दूध आणायला निघालेले काका सवयीने विचारतात, "काय रे, पंक्चर?"

एवढा अपमान त्याचा बारावीच्या निकालातही झालेला नसतो. "पंक्चर नाही हो काका, गिअरिंग बदलतोय." काकांनी इथेच सटकायला हवं होतं, पण ते भिडस्त पडले.

"हे बघा, कंपनीने पुढे 15 दात्यांचं स्प्रॉकेट दिलंय, मागे 45. म्हणजे बरोबर 3 ला 1. मी पुढे 14 टाकतोय, मागे 47. रेशो गेला 3.36 वर! बारा टक्के पिकअप वाढला, काका!" काका मनात बारा टक्क्यांची मुदतठेव मोजत असतात. पुढचा एक दाता म्हणजे मागचे साधारण तीन, हे गणितही त्यांना सांगून होतं. दूध संपल्याचा फोन येतो तेव्हाच त्यांची सुटका होते.

गाडी आरसी 390. चाकणला बनलेली, म्हणजे अगदी घरचीच. तिचे दाते ठरवणाऱ्या इंजिनिअरांविषयी याला आदर आहे, पण विश्वास नाही. शर्यतीतले लोक सर्किट बघून स्प्रॉकेट बदलतात, हा त्याचा हुकमी दाखला, आणि तो खोटा नाही. कोईमतूरच्या कारीला वळणं फार, तिथे गाडी चटकन उचलायला हवी. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटला किलोमीटरभराची सरळ पट्टी, तिथे टॉप हवा. याचं सर्किट कर्वे पुतळा ते नळस्टॉप. सिग्नल सुटला की हा सगळ्यांच्या आधी निघतो आणि पुढच्या सिग्नलला सगळ्यांच्या आधी थांबतो. ॲक्टिव्हावरच्या मावशी सावकाश येऊन त्याच्या शेजारीच उभ्या राहतात.

काम मात्र तो मनापासून करतो, हे मान्य करायला हवं. पुढचं कव्हर उघडलं की आत चेनच्या वंगणाचा आणि रस्त्यावरच्या धुळीचा काळाकुट्ट लगदा थापलेला असतो. तो रॉकेल आणि टूथब्रशने दातादाता घासतो. (स्वतःच्या दातांना हे भाग्य नाही.) बेरीज-वजाबाकीत एकूण एकच दाता वाढला, त्यामुळे जुन्याच चेनवर चाक जेमतेम चार-पाच मिलिमीटर पुढे सरकतं. पण त्या चार-पाच मिलिमीटरने गाडी वळणात 'शार्प' झाल्याचं त्याला पार्किंगमधल्या फेरीतच जाणवतं. नाना पेठेतला दुकानदार शहाणा असतो. "साहेब, चेन सॉकेटचा पूर्ण सेट घ्या, सुटं नका घालू. जुनी चेन नवे दाते खाते." हा सुटंच घेतो, आणि महिन्याभराने सेट घ्यायला पुन्हा जातो. दुकानदाराला दोन्ही चालतं.

खरी परीक्षा सातारा रस्त्यावर. आधी ज्या वेगाला इंजिन 6000 फिरायचं, तिथे आता 6700 च्या वर फिरतं. हँडल झिणझिणतं, ॲव्हरेज पडतं, आणि याचा डावा पाय नसलेला सातवा गिअर शोधत बसतो. ज्याच्या गाडीचा स्पीड सेन्सर गिअरबॉक्सपाशी असतो, त्या मित्राची आणखी मजा. त्याने हेच स्प्रॉकेट घातलेले असल्याने खऱ्या 100 ला मीटर 112 दाखवतो आणि तो त्यावर बेहद्द खूश असतो. हायवेसाठी मग पुन्हा 15-45. त्याच आठवड्यात पसरणीचा घाट लागतो, गाडी तिसऱ्यात कुंथते आणि हा पाचगणीत चहा पिता पिता जाहीर करतो, "फक्त पुढे 14, मागे मूळचंच. सात टक्के. हाच सुवर्णमध्य." गेल्या दिवाळीतला सुवर्णमध्य मागे 46 होता.

घरात आता स्प्रॉकेटांची चळत झाली आहे. एकाचा आईने गरम कुकर ठेवायला उपयोग केला, तर दोन दिवस अबोला. आईची ॲक्टिव्हा तेवढी निर्धोक होती, कारण तिला चेनच नाही. परवा कुठूनसं त्याला कळलं, की स्कूटरच्या व्हेरिएटरमध्ये रोलर असतात आणि हलके रोलर घातले की पिकअप वाढतो.

"आई, तुझ्या गाडीचे रोलर किती ग्रॅमचे गं?"

आईने किल्ली पदराला बांधली आणि ती रिक्षाने भाजीला गेली.