असलं तर घे, नसलं तर राहू दे

जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी घट मांडतात. गोलाकार अठरा धान्यं, मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर, वर पुरी-पापड. रात्रीतून काय हललं, काय सांडलं ते पहाटे पाहून पीकपाण्याचं भाकीत होतं. विवेकवादी मंडळी याला नावं ठेवतात. ठेवोत बापडी, पण प्रोग्रॅम बांधताना आपले शास्त्रीय लोक याहून फार वेगळं काही करतात, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. कॉन्फिगर स्क्रिप्ट चालते, यंत्रात कोणत्या लायब्ऱ्या पडल्या आहेत ते चाचपते आणि हाताला लागेल त्यावरून प्रोग्रॅमचं भविष्य ठरवते. जेपेगची लायब्ररी सापडली तर फोटो उघडतील. नाही सापडली तर ती सोय मुकाट्याने गळेल. खामगावच्या यंत्रावर बांधलेला प्रोग्रॅम आणि मलकापूरच्या यंत्रावर बांधलेला प्रोग्रॅम नावाने एक, गुणाने दोन! भेंडवळला निदान भाकीत चारचौघांत मोठ्याने सांगतात. इथे ते सरसर सरकणाऱ्या शेकडो ओळींत 'नो' एवढं पुटपुटून निघून जातं.

सोय ऐच्छिक असायला हरकत नाही; पण निवड बांधणाऱ्याने करावी, यंत्रावर सोपवू नये. फायली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड प्रकल्पात फेब्रुवारी २०२४ मध्ये 'जिया टॅन' या नावाने वावरणाऱ्या इसमाने सीमेक या प्रोग्रॅम बांधायच्या साधनासाठी लिहिलेल्या एका तपासणीत एक टिंब घुसवलं. लिनक्समधली लॅण्डलॉक ही सुरक्षेची सोय उपलब्ध आहे का, हे पाहणारी ती तपासणी. पद्धत साधी : सी भाषेतला चिमुकला प्रोग्रॅम कंपाइल होतो का, ते बघायचं. मध्येच एका ओळीवर एकटं टिंब बसल्यावर तो त्रिभुवनात कुठे कंपाइल व्हायचा नाही. म्हणजे उत्तर कायम 'नाही', आणि 'नाही'चा अर्थ 'त्यावाचून चालेल'. एरर नाही, तक्रार नाही. २९ मार्चला आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरने त्याच प्रकल्पातलं मोठं चोरदार जगाला दाखवलं; मग झाडाझडतीत हे टिंबही सापडलं.

पहिला आक्षेप नवख्यांच्या वतीने येतो. शेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या पोराला 'आधी वीस लायब्ऱ्या आण' म्हणून दारातच अडवायचं का? मुळीच नाही. त्याला आपोआपची मुभा खुशाल द्यावी. शेवटी काय घेतलं, काय गाळलं याची यादी तेवढी ठळक छापावी. दुसरा आक्षेप वजनदार आहे. प्रत्येक सोयीला हो-नाही ठेवलं, तर वीस सोयींच्या दहा लाखांवर जोड्या होतात, तपासणार कोण? अहो, जोड्या आत्ताही तेवढ्याच आहेत! आपल्या वाट्याला त्यांतली कोणती आली, ते फक्त कळत नाही. मेसन या सीमेकसारख्याच साधनाने २०१८ मध्ये तिढा सोडवला : प्रत्येक सोय एनेबल्ड, डिसेबल्ड किंवा ऑटो. एनेबल्ड म्हटलं आणि लायब्ररी नसली, की काम तिथेच थांबतं. सीमेकमध्येही ३.२२ पासून अशी सक्ती करता येते, पण त्यासाठी लागणाऱ्या चलाचं (व्हेरिएबलचं) नाव एवढं लांबलचक की टाइप करता करता निश्चय डळमळावा. फेडोरा या लिनक्स वितरणाची मंडळी मेसनने पॅकेज बांधताना सगळ्या 'ऑटो' सोयी एका फटक्यात 'एनेबल्ड' करून टाकतात. मग नको असलेली सोय नाव घेऊन बंद करावी लागते, आणि पॅकेज करणारा कुरकुरत का होईना, ती ओळ लिहितो.