कोडं घालण्यापूर्वी वाचा

गणिती कोडी रचण्याच्या धंद्याला भांडवल लागत नाही, परवाना लागत नाही आणि त्यातून उत्पन्नही होत नाही. त्यामुळे मराठी माणसाने त्यात उतरायला काहीच हरकत नाही. सामग्री म्हणजे जुन्या लग्नपत्रिकेची कोरी बाजू, पेन्सिलीचं थोटूक आणि एक बेसावध माणूस.

तिसरी वस्तू मिळणं सर्वांत कठीण. एकदा ख्याती पसरली की ओळखीचे लोक तुम्हाला पाहून पलीकडच्या फुटपाथवर जातात. म्हणून सावज जागचं हलू शकणार नाही अशी जागा निवडावी. पंगतीत मसालेभाताची वाट पाहणारे व्याही उत्तम. गालाला साबण लागलेलं गिऱ्हाईकही चालेल, फक्त वस्तरा हातात असलेल्याला कोडं घालू नये. लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धवट टेकलेला माणूस आदर्श समजावा, कारण मिळालेली जागा सोडून तो कुठेही जाणार नाही.

सावज पहिला प्रश्न हमखास विचारतं, ‘पण याचा उपयोग काय?’ इथे नवशिके गडबडतात आणि बुद्धीला चालना, स्मरणशक्ती, स्पर्धा परीक्षा असं काहीबाही बोलू लागतात. तसं करू नये. उपयोग नाही, असं छातीठोकपणे सांगावं आणि दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचं नाव घ्यावं. डहाणूला 1905 मध्ये जन्मलेल्या या गृहस्थांनी 1930 ते 1962 देवळालीच्या शाळेत मास्तरकी केली आणि उरलेला वेळ आकड्यांच्या संगतीत घालवला. अनेक विद्वानांना हा पोरखेळ वाटे. पुढे अमेरिकेत मार्टिन गार्डनरने 1975 मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा पोरखेळाला भारदस्तपणा आला. एका जातीच्या संख्यांना कापरेकरांनी ‘डेम्लो’ असं नाव दिलं, ते डोंबिवली स्टेशनवरून. कल्पना तिथे सुचली म्हणून. डोंबिवलीच्या फलाटावर उभ्या माणसाला गाडीत शिरण्याखेरीज दुसरं काही सुचू शकतं, हा आजच्या प्रवाशाला त्या संख्यांपेक्षा मोठा चमत्कार वाटेल.

त्यांचं 6174 हे कोडं नमुना म्हणून पाठ करावं. चारही अंक सारखे नसतील अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने, आणि मोठीतून लहान वजा करा. येईल त्या उत्तरावर पुन्हा तेच. राज्याच्या स्थापनेचं साल घेऊ, 1960. पहिली वजाबाकी 9610 उणे 0169, उत्तर 9441. पुढे 7992, 7173, 6354, 3087, 8352 आणि मग 6174. तिथे गाडी थांबते ती कायमची, कारण 7641 मधून 1467 गेले की पुन्हा 6174 च. कोणतीही संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथे पोचते. आपल्या राज्याने बरोबर सातच घेतल्या, म्हणजे मुदत पुरती वापरली.

या कोड्याची थोरवी अशी की सगळी मेहनत सावज करतं. तुम्ही नुसतं ‘हं, पुढे?’ म्हणायचं. उत्तर वेगळं आलं तर ‘उसने घेताना काहीतरी चुकलंय’ एवढं सांगावं. ते नेहमीच खरं असतं.

आता कोड्याचे कपडे. शाळेच्या पुस्तकातल्या हौदाला दोन नळ भरतात आणि तिसरा रिकामा करतो. तो तिसरा कोणी उघडा ठेवला आणि अजून बंद का केला नाही, याबद्दल पुस्तक अवाक्षर काढत नाही. म्हणून ते उदाहरण राहतं, त्याचं कोडं होत नाही. याउलट भास्कराचार्य. 1150 मधल्या ‘लीलावती’त नऊ हात उंच खांबावर मोर बसलाय, खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ आहे, आणि सत्तावीस हातांवरून साप घराकडे निघालाय. मोर तिरका झेपावतो. दोघांनी सारखंच अंतर कापलं, तर बिळापासून किती हातांवर गाठ पडेल? आतला ऐवज म्हणजे 9, 12, 15 चा काटकोन त्रिकोण, उत्तर बारा हात. पण वाचणाऱ्याचा जीव सापात अडकतो आणि त्रिकोण न कळत सुटून जातो.

स्वतःचं कोडं रचायला घरच्या माणसांपासून सुरुवात करावी. प्रत्येक अक्षराला एक अंक, वेगळ्या अक्षराला वेगळा अंक, आणि पहिलं अक्षर शून्य नको. काका + मामा = आई. दिसायला किती साधं! मात्र हे कधीच सुटत नाही. काका म्हणजे 11 ची पट, मामाही 11 ची पट, तेव्हा बेरीजही तीच. दोन अंकी संख्या 11 ने भागली गेली तर तिचे दोन्ही अंक सारखे असतात. ‘आ’ आणि ‘ई’ तर वेगळे. असं कोडं टाकून देऊ नये, खडूस नातेवाइकांसाठी राखून ठेवावं. याला अमेरिकन परंपरा आहे. पंधरा सोंगट्यांच्या चौकटीतले उलटे बसलेले 14 आणि 15 सरकवून जागेवर आणणं अशक्य, हे 1879 मध्येच सिद्ध झालं होतं. नंतर सॅम लॉइडने त्यावर हजार डॉलरचं बक्षीस लावलं. ते त्याला द्यावं लागलं नाही.

सज्जनांसाठी दुरुस्ती करू. काका + मामा = आजोबा. आता उत्तरं आहेत, पण दुखणं उलटं. ती तब्बल बारा निघतात, आणि एकाहून जास्त उत्तरांचं कोडं म्हणजे सैल नाडीचा लेंगा. सोडवणारा एक उत्तर आणतो, तुमच्या वहीत दुसरंच असतं, आणि वाद होतो. म्हणून एक अट घालून आवळावं: काका मामाच्या बरोब्बर दुप्पट. आता एकच उत्तर उरतं, 88 आणि 44, बेरीज 132. एक, तीन, दोन, आठ, चार, कोणी कोणाच्या जागेवर बसलेलं नाही. आपल्या हातून असं काही घडलं की दुपारची झोप गेल्याचं दुःख राहत नाही.

हे कोडं आजोळी घालताना मात्र जपावं. मामी हिशेब करत नाही, ती थेट विचारते, ‘तुझ्या काकाला का म्हणून दुप्पट?’ तिथे गणित समजावण्याच्या भानगडीत पडू नये. मामाला 88 करावं, काकाला 44. आजोबा 132 च राहतात.