पैशांची पानं

आत्मचरित्राच्या पहिल्या दहा पानांवर माझा फारसा भरवसा नसतो. 'मी एक सामान्य माणूस' असं लेखक तिथे म्हणतो आणि पुढची पाचशे पानं ते खोडून काढण्यात घालवतो. म्हणून मी आधी पैशांचा विषय कुठे निघतो ते शोधतो. तत्त्वं सांगताना माणूस सावध असतो. उसनवारी सांगताना त्याचा खरा आवाज लागतो.

धोंडो केशव ऊर्फ अण्णा कर्व्यांचं 'आत्मवृत्त' १९१५ साली आलं. आवाज गणित शिकवणाऱ्या माणसाचा. १८७५ मध्ये सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी हा मुलगा मुरुडहून घाट चढून, शंभरावर मैल चालत साताऱ्याला गेला आणि वयाने लहान दिसतो म्हणून त्याला परीक्षेला बसूच दिलं नाही. दुसऱ्या कुणी यावर तीन प्रकरणं आणि एक शाप काढला असता. अण्णा ते त्रैराशिकाच्या उदाहरणासारखं मांडतात. स्वतःची कीव नाही, परीक्षकाला शिवी नाही. पुढे विधवांच्या आश्रमासाठी त्यांनी आपली पाच हजारांची विम्याची पॉलिसी देऊन टाकली. वाचणारा मनातल्या मनात हात जोडतो.

आणि मग तो आनंदीबाईंचं पुस्तक उघडतो.

पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या या विधवेशी अण्णांनी १८९३ मध्ये लग्न केलं. १९४४ साली त्यांचं आत्मकथन निघालं, नाव 'माझे पुराण'. नावातच मिश्कीलपणा. घर तेच, कमाई तीच, पण हिशेब सांगणारी चूल सांभाळणारी आहे. पॉलिसी गेली म्हणजे उद्या पोरांचं काय, हा प्रश्न अण्णांच्या पानांवरून हलक्या पावलांनी निघून जातो. इथे तो पदर खोचून उभा राहतो. गंमत अशी, की आनंदीबाईंना आश्रमाचं काम नकोसं होतं असंही नाही. त्याच कामासाठी त्या स्वतः वर्गणी गोळा करत फिरल्या. नवऱ्याचा त्याग त्यांना मान्य आहे, फक्त तो एकट्या नवऱ्याच्या नावावर जमा झालेला मान्य नाही. मला हा सूर फार आवडतो. थोरांच्या चरित्राशेजारी पत्नीचं पुस्तक ठेवल्याशिवाय ते वाचनालयाबाहेर सोडू नये, असा नियमच करायला हवा.

लक्ष्मीबाई टिळकांचं प्रकरण निराळं. त्यांच्या 'स्मृतिचित्रे'तही पैसा टिकत नाही. घरात लागणाऱ्या जिनसांसाठी पैसे दिले, तर त्यांचे पती, कवी टिळक महाशय, दौत घेऊन परततात. बाई हसतात, आपल्यालाही हसवतात. पण हसताना त्या दौतीचा प्रसंग गाळत नाहीत, हे पाहावं. क्षमा केली आहे, नोंद मात्र ठेवली आहे! शिवाय त्यांचं हसू वाटेत येणाऱ्या कुणालाच सोडत नाही. स्वतःच्या भाबडेपणाला, रुसव्यांना तर मुळीच नाही. त्यामुळे नवऱ्यावर हसण्याचा त्यांचा अधिकार आपण वाद न घालता मान्य करतो. १८९५ मध्ये टिळक ख्रिस्ती झाले, घर दुभंगलं, तिथे मात्र सूर उतरतो. आणि आधीचं हसणं वरवरचं नव्हतं हे तिथेच पटतं.

दौत टिळकांनी आणली. पुस्तक लक्ष्मीबाईंनी लिहिलं.