डॅलसची शेवंता

आदिलाबादेत दिवाळीच्या तोंडावर आमच्याकडे बांबूला झाडू बांधून जळमटं काढतात. समोर कोळी आला तर आमच्या मंडळींचा हात थांबत नाही. त्यांचाच सख्खा भाचा बंटी डॅलसला डॉलर मोजून कोळी विकत आणतो आणि तिला शेवंता म्हणतो, हे घरात कुणाला पचेना.

शेवंता म्हणजे टेक्सास ब्राउन जातीची टॅरंट्युला, पाय पसरले की तळहाताएवढी. जाळं विणून भक्ष्याची वाट बघणाऱ्यांपैकी नव्हे. बिळाच्या तोंडाशी दबा धरून झडप घालणारी.

"काहून रे बाप्पा, कुत्रं नाही भेटलं का तुले?"

"मावशी, कुत्र्याला रोज फिरवावं लागतं."

शेवंताला फिरवायचं तर नाहीच, खायलाही कधीतरी एखादा रातकिडा. मनात नसलं तर महिनोन् महिने तेही नाही. साबुदाण्याशिवाय एवढा उपास ऐकून मंडळी जरा वरमल्या. पेटी मात्र बुटकी लागते, कारण जमिनीवरचा असा जड कोळी थोड्या उंचीवरून पडला तरी पोट फुटून मरू शकतो. हातात घेता येत नाही, मालकाला ती ओळखत नाही, आणि चिडली तर मागच्या पायांनी पोटावरचे केस उडवते. अंगाला लागले की खाजकुयली परवडली. म्हणजे पाळायचं फक्त बघायला. टीव्हीसुद्धा आपण तसाच पाळतो म्हणा.

एकदा व्हिडिओ कॉलवर शेवंता चारी बाजूंना पाय करून उताणी पडलेली. मंडळींनी "गेली!" म्हणून पदर तोंडाला लावला. बंटी हसला. मेलेला कोळी पाय पोटाखाली मुडपून घेतो. उताणा पडला म्हणजे कात टाकतोय. हळूहळू एकेक पाय जुन्या पायातून मोज्यासारखा बाहेर आला. शेवटी शेजारी पोकळ शेवंता, नखांसकट. इकडे गॅसवर डाळ करपली.

मीही मग थोडं वाचलं. आपल्याकडच्याच गुत्ती गावी रेल्वेच्या लाकूड-आवारात सापडलेल्या निळ्याशार कोळ्याचं वर्णन पोकॉक नावाच्या शास्त्रज्ञाने 1899 मध्ये केलं. तो झाडावर राहतो, आता नामशेष व्हायच्या बेतात आहे, आणि परदेशातले हौशी त्याच्यासाठी जीव टाकतात. "आपल्या पोरांची किंमत तिकडंच," मंडळींनी निकाल दिला.

खरी पंचाईत बंटीच्या लग्नाची. बेला गावचं स्थळ होतं. मुलीच्या वडिलांनी फोनवर सहज विचारलं, "घरात आणखी कोण असतं?" बंटी सरळ माणूस. म्हणाला, "एक आहे. अजून वीसेक वर्षं तरी राहील. नर असती तर वयात आल्यावर फार टिकली नसती."

"कळवतो," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मुलीचाच फोन आला. नोकरी, पगार, व्हिसा काही नाही. पेटीला कुलूप आहे का, एवढंच तिला हवं होतं.