पुसणाऱ्याची गाडी

सिग्नलला काचेवर टकटक करून विकलं जाणारं पिवळं फडकं ज्या गाडीत नाही, ती गाडी अजून शोरूममधून बाहेर पडलेली नसावी. विमा संपलेला असेल, पीयूसीची मुदत उलटून गेली असेल. फडकं मात्र दाराच्या खणात घडी घालून तयार. मालक सकाळी खाली येतो, बॉनेटवरची धूळ कोरडीच पुसतो, दोन पावलं मागे सरून मान तिरकी करून बघतो आणि प्रसन्न चेहऱ्याने ऑफिसला जातो. रिक्षावाले, गुरं आणि पार्किंगमध्ये क्रिकेट खेळणारी पोरं मिळून गाडीच्या रंगाचं जेवढं नुकसान करत नाहीत, तेवढं ही प्रसन्नता करते.

रस्त्यावरच्या धुळीत वाळू असते, वाळूत क्वार्ट्झ असतं आणि खनिजांच्या कठीणपणाच्या मोजपट्टीवर क्वार्ट्झचा नंबर सातवा लागतो. चाकूचं पातं साडेपाचच्या आसपास रेंगाळतं. अशी धूळ फडक्यात धरून पत्र्यावर गोल गोल फिरवण्याला सुताराकडे पॉलिश पेपर मारणं म्हणतात. सोसायटीत त्यालाच गाडीची निगा म्हणतात.

आणि हा पेपर चालतो तो थर तरी केवढा? कारखान्यात पत्र्याला आधी फॉस्फेटचा हात मिळतो, मग गाडीचा सांगाडा आख्खाच्या आख्खा टाकीत बुडवून विजेच्या जोरावर प्रायमर बसवतात, त्यावर बहुधा आणखी एक प्रायमर, मग रंग आणि शेवटी क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर. हा सगळा संसार साधारण १०० ते १३० मायक्रॉनमध्ये आटोपतो. त्यातला क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणजे सात वर्षांच्या हप्त्यांवर घेतलेल्या चकाकीची जाडी मालकाच्या डोक्यावरच्या एका केसाएवढीही भरत नाही. आणि हप्ते फिटेपर्यंत दोन्ही विरळ होत जातात.

चरे दिसतात ते उन्हात. बॉनेटवर सूर्याचं प्रतिबिंब पडलं की त्याभोवती कोळ्याचं जाळं विणल्यासारखी बारीक वर्तुळं उमटतात. मालक ताबडतोब कंपनीला दोष देतो. खरं तर चरे सगळ्या दिशांनी गेलेले असतात. उजेडाला आडवे पडणारे तेवढेच चमकतात, म्हणून ते गोल भासतात. सावलीतल्या पार्किंगमध्ये यातलं काहीच दिसत नाही. संसार टिकायलाही एवढी सावली पुरते, पण तो विषय वेगळा.

‘हल्लीच्या रंगात दम नाही. आमची पद्मिनी बघायला हवी होती,’ असं म्हणणारे एक काका प्रत्येक सोसायटीत असतात. काका चुकीचं सांगत नाहीत. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या साध्या रंगावर वेगळा क्लिअर कोट नसे. जो रंग दिसे तोच सगळा थर. पॉलिश लावून घासलं की वरचा उन्हाने मेलेला रंग फडक्याला लागे आणि खालून ताजा रंग वर येई. फडकं निळं झालं की गाडी उजळली. घासा आणि चमकवा हा संस्कार त्या पिढीच्या मनगटात शिरला तो उगीच नाही. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. मनगटं अजून सेवेत आहेत. आताच्या गाडीवर तोच जोर लावला तर फडक्याला रंग लागत नाही, म्हणून काका आणखी जोराने घासतात.

सकाळी गाड्या पुसायला येणारा मुलगा या गुन्ह्यातला आरोपी नव्हे. त्याच्याकडे एक बादली, एक फडकं आणि आठच्या आत उरकायच्या पंधरा गाड्या. पहिल्या गाडीची माती दुसरीला, दुसरीची तिसरीला. बाराव्या गाडीपर्यंत बादलीत सोसायटीतल्या तमाम गाड्यांचा प्रवास विरघळलेला असतो. महिन्याला जेवढे पैसे त्याच्या हातावर ठेवले जातात, तेवढ्यात यापेक्षा जास्त मागायचा अधिकार कुणाला नाही.

अशात तिसऱ्या मजल्यावरचा एखादा संगणकवाला तरुण शास्त्रशुद्ध धुलाईची दीक्षा घेतो. रविवारी तो दोन बादल्या घेऊन उतरतो. एका बादलीत गाडीचा शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. आधी चाकं, वेगळ्या ब्रशने. मग पाण्याने वरची माती सोडवायची आणि मऊ मिटन हातात घालून टपापासून खाली यायचं. एक भाग झाला की मिटन साध्या पाण्यात पिळायचं, तेव्हाच पुन्हा शॅम्पूत. शेवटी जाड मायक्रोफायबर नुसतं ठेवून पाणी टिपायचं, घासायचं नाही. सोसायटीच्या अध्यक्षांना यातली एकच गोष्ट दिसते.

‘दोन बादल्या? टँकरचं बिल पाहिलंत का?’

अध्यक्षांचा मुद्दा खोडता येत नाही. ज्या राज्यात २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, तिथे तासभर नळी सोडून गाडीला अभ्यंगस्नान घालणं शोभत नाहीच. बंगळुरूने तर २०२४च्या टंचाईत पिण्याच्या पाण्याने गाडी धुणाऱ्याला पाच हजारांचा दंड लावला. तरुणाच्या बाजूने एवढंच बोलता येईल की दोन बादल्या म्हणजे तीसेक लिटर, आणि नळी पाचेक मिनिटांत तेवढं पाणी ओतून मोकळी होते. शिवाय टँकरचं आणि बोअरचं पाणी जड. ते पत्र्यावर वाळू दिलं की चुन्याचे पांढरे ठिपके बसतात आणि मग पांढऱ्या व्हिनेगरचं पाणी करून ते काढत बसावं लागतं. म्हणून भर उन्हात गाडी धुवायची नाही. रविवारी साडेअकराच्या आधी न उठणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

घरगुती उपायांबद्दल न बोललेलं बरं, पण थोडं बोलावंच लागेल. भांड्यांचा साबण तेलकटपणा काढायलाच जन्माला आलाय. तो गाडीवरचं मेणही तितक्याच निष्ठेने काढतो. टूथपेस्टने चरा जातो हे खरं, कारण तिच्यात बारीक घासणारी पूड असते. चरा जातो आणि त्याच्या जागी धुरकट डाग येतो. रॉकेलचं पाणी मारून गाडी लखलखवणारी मंडळी मात्र आता कमी झाली. शहाणपणापेक्षा रेशनवर रॉकेल मिळेनासं झालं, याचं श्रेय मोठं.

धुऊन झाल्यावर हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून पत्रा चाचपायचा असतो. नुसत्या बोटांना न लागणारी खरखर पिशवीतून स्पष्ट कळते. ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण रंगात रुतून बसलेले असतात, त्यांची ती खरखर. तरुण बॉनेट कुरवाळत असताना पहिल्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून बघतात आणि घरात जाऊन त्याच्या लग्नाचं लवकर बघायला हवं असं जाहीर करतात. मग तो लोखंड काढायचं औषध फवारतो. पांढऱ्या गाडीवरून जांभळे ओघळ वाहू लागतात आणि सडक्या अंड्यांचा दर्प जिन्याने वर चढतो. वॉचमन गॅसचा कॉक बंद करायला धावतो. काकू मात्र वास ओळखतात: ‘अगं बाई, हा तर पार्लरमधला!’ काकू बरोबर आहेत. त्या औषधात थायोग्लायकोलेट असतं आणि केस कुरळे करायच्या लोशनमध्येही त्याच घराण्यातलं रसायन असतं. उरलंसुरलं काढायला क्ले, म्हणजे मळलेल्या कणकेइतका मऊ गोळा, भरपूर निसरडं पाणी मारून फिरवायचा. तो जमिनीवर पडला की फेकून द्यायचा. पुसून पुन्हा वापरायचा मोह होतो, कारण तो महाग असतो.

यानंतर मेण. कार्नोबा मेण ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या पानांवरून खरवडतात. चकचकीत गोळ्या-चॉकलेटांवरही तेच, ई९०३ या नावाने. गाडीवर ते दीडदोन महिने टिकतं. याहून टिकाऊ हवं तर सिरॅमिक कोटिंग. विकणारा ‘नाइन एच’ म्हणतो तेव्हा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर हिरा येतो. प्रत्यक्षात ती मोजपट्टी पेन्सिलींची असते. नऊ एच पेन्सिलीने ओरखडा उठत नाही, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या गाडीवर पेन्सिल घेऊन कोण येतं? येते ती किल्ली. त्याही पुढे पीपीएफ, म्हणजे पारदर्शक पॉलियुरेथेनची फिल्म, दीडशे-दोनशे मायक्रॉनची. रंगापेक्षा रंगाचं पांघरूण जाड.

शेवटचा प्रश्न गाडी लावायची कुठे. मार्चमध्ये आंब्याखालच्या जागेसाठी भांडणं होतात. जिंकणाऱ्याला संध्याकाळी टपावर चिकट थेंबांचा सडा मिळतो. मोहोरावरचे तुडतुडे रस पितात आणि जास्तीचा गोडवा खाली सोडतात. त्यावर धूळ, त्यावर काळी बुरशी आणि त्यावर कावळा. पक्ष्यांची घाण तर ओल्या फडक्याने भिजवून लगेच उचलावी. उन्हात रंगाचा थर मऊ होतो आणि गार होताना तिच्याभोवती आवळून बसतो.

एवढ्या सगळ्यातून निभावलेली गाडी दसऱ्याला लखलखत उभी असते. आई ताम्हन घेऊन येते, बॉनेटवर ओल्या हळदकुंकवाचं स्वस्तिक काढते, वायपरला झेंडूचा हार अडकवते आणि पुढच्या चाकाजवळ नारळ फोडते. तरुण काही बोलत नाही. त्याने वाचलेलं असतं की हळदीचा रंग उन्हात आपोआप फिका होतो, तेवढ्यासाठी त्याने गाडी मुद्दाम उन्हात लावलेली असते. तेवढ्यात काका मदतीला धावतात. कपड्याच्या साबणाची वडी ओली करून ते स्वस्तिकावर फिरवतात आणि अल्कलीने हळद लालभडक होते.

‘अरे, हा तर पसरला!’ म्हणत काका खिशातून पिवळं फडकं काढतात.